जकात नाका पुन्हा नको: नेट न्यूट्रॅलिटीवर वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांतल्या पत्रांचा गठ्ठा समोर आहे आणि त्यातल्या बहुतेक पत्रांत एकच गोंधळ आहे. नेट हळू चाललं, एखादी साइट उघडली नाही, रिचार्ज महागलं, की सगळ्यावर ‘नेट न्यूट्रॅलिटीचा भंग’ असा एकच शिक्का. या वेगवेगळ्या तक्रारी आहेत, त्यांची दारंही वेगवेगळी आहेत, आणि चुकीच्या दारावर थापा मारण्यात लोकांचे महिने जातात. मी २६ वर्षं नेटवर्कच्या कामात काढली, आता ग्राहकांना सल्ला देतो. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहे.

नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे नेमकं काय? सोप्या शब्दांत सांगा. (निवृत्त शिक्षिका, नाशिक)

तुमच्यापर्यंत इंटरनेट पोहोचवणाऱ्या कंपनीने त्यातून काय येतं-जातं ते पाहून भाव ठरवायचा नाही, वेग ठरवायचा नाही आणि अडवणूकही करायची नाही. एवढंच.

व्हॉट्सअ‍ॅप कॉलला पुढच्या महिन्यापासून मिनिटाला पैसे लागणार, असा मेसेज आमच्या ग्रुपवर आला आहे. खरं का? (यंत्रमाग व्यावसायिक, इचलकरंजी)

नाही. या अफवेचं मूळ डिसेंबर २०१४ मध्ये आहे. तेव्हा एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी वेगळा दर जाहीर केला होता. लोक खवळले आणि काही दिवसांतच तो मागे घेतला गेला. त्यानंतर ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने, म्हणजे देशाच्या दूरसंचार नियामक संस्थेने, नियम काढला: मजकूर पाहून डेटाला वेगळा दर लावायचा नाही. मोडला तर दिवसाला ५० हजार रुपये दंड, जास्तीत जास्त ५० लाख. तो नियम लागू आहे. असे मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती, आधी ऑपरेटरच्या साइटवरचं दरपत्रक उघडून बघा. तरी शंका राहिली तर कस्टमर केअरला विचारा आणि उत्तर लेखी मागा.

रोजचा डेटा संपला की नेट रांगायला लागतं. हा भंग आहे का? (विद्यार्थी, सोलापूर)

नाही. सगळ्याच गोष्टींचा वेग सारखा उतरत असेल तर तो तुमच्या पॅकचा करार आहे.

अमुक साइट गेल्या आठवड्यापासून उघडत नाही. कंपनीने अडवली का? (छत्रपती संभाजीनगर)

सरकारी किंवा न्यायालयीन आदेशाने साइट बंद झाली असेल तर तो वेगळा विषय आहे. सरकारी आदेशांचं मुख्य कलम आयटी कायद्याचं ६९-अ आहे, आणि कायदेशीर आदेश पाळणं कंपनीला भागच असतं. दुसऱ्या कंपनीच्या नेटवर साइट उघडते का ते आधी पाहा. उघडत असेल तर तुमच्या कंपनीला लेखी कारण विचारा.

रिचार्जसोबत ओटीटीचं सभासदत्व ‘फुकट’ मिळतं. हे नियमात बसतं का? (गृहिणी, पनवेल)

बसतं. सभासदत्व ही रिचार्जबरोबर दिलेली वस्तू झाली. तुम्ही मालिका पाहता तेव्हा डेटा इतर कशासाठी कापला जातो तसाच कापला जातो, म्हणून भेदभाव होत नाही. पण ताई, ‘फुकट’ या शब्दावर जाऊ नका. कागद घ्या आणि तेवढ्याच डेटाच्या, तेवढ्याच दिवसांच्या साध्या पॅकची किंमत शेजारी लिहा. मधला फरक ही त्या ‘फुकट’ची किंमत. मग बारीक अक्षरं वाचा. सभासदत्व अनेकदा फक्त मोबाइलवर चालणारं असतं, टीव्हीवर नाही, आणि त्याची मुदतही पॅकच्या मुदतीइतकी असेलच असं नाही.

सावध व्हायचं ते वेगळ्याच वाक्याला: ‘या अ‍ॅपसाठी वापरलेला डेटा मोजला जाणार नाही’. असं कुठे दिसलं तर जाहिरातीचा फोटो काढून ठेवा. कंपनीच्या अंतर्गत, बंद जाळ्यावरच्या सेवेला २०१६ च्या नियमात सूट आहे, पण ती सूट नियम चुकवण्यासाठी वापरता येत नाही. तुमच्यासमोरची योजना यातल्या कुठल्या बाजूला पडते हे जाहिरातीवरून ठरत नाही. जाणकाराला संपूर्ण दरपत्रक दाखवा.

स्पीड टेस्टला १०० एमबीपीएस येतात, पण रात्री मुलाच्या क्लासचे व्हिडिओ अडकतात. कंपनी मुद्दाम करत आहे ना? (डोंबिवली)

असू शकेल, पण आधी बाकीची कारणं खोडून काढावी लागतील. घाईने आरोप केला तर खरी तक्रारही बाद होते.

गेल्या मार्चमध्ये ठाण्यातल्या एका घरी याच तक्रारीसाठी गेलो होतो. राउटर टीव्हीच्या कपाटात, स्टीलच्या डब्यांच्या मागे बसवलेला. तो बाहेर काढून लॅपटॉपला थेट केबलने जोडला. रात्री सव्वानऊला टेस्ट घेतली, आकडा ९४. त्याच मिनिटाला मुलाचा व्हिडिओ लावला तर गोल फिरतंय. म्हणजे दोष वायफायचा नव्हता. मग व्हिडिओच्या सर्व्हरपर्यंतचा मार्ग तपासला. डेटाची पाकिटं मुंबईतून निघून सिंगापूरला वळसा घालून परत येत होती, आणि उशीर सगळा त्याच टप्प्यावर. स्पीड टेस्टचा सर्व्हर मात्र कंपनीच्याच जाळ्यात बसलेला होता, म्हणून आकडा छान दिसत होता. आपल्या अंगणात धावून शर्यत जिंकल्यासारखं ते आहे. छोट्या कंपनीने बाहेरच्या जोडण्या पुरेशा घेतल्या नाहीत की संध्याकाळी सगळे घरी आल्यावर असं होतं. हा कंजूसपणा आहे, सेवेतला दोष आहे, आणि त्याची तक्रार जरूर करा. पण एखादी सेवा निवडून तिचा गळा आवळणं ही वेगळी गोष्ट.

फरक कसा ओळखायचा? केबल लावून, रात्री नऊच्या सुमाराला, तीन वेगवेगळ्या व्हिडिओ सेवा पाहा. मग व्हीपीएन (तुमचा डेटा झाकून दुसऱ्याच सर्व्हरमार्फत नेणारी सोय) लावून त्याच तिन्ही परत पाहा. व्हीपीएन लावल्यावर एकच सेवा सुरळीत झाली तर संशयाला जागा आहे, तरी तेवढा पुरावा पुरेसा नाही, कारण व्हीपीएनने मार्गही बदलतो. सलग पाच-सहा दिवस वेळेसह स्क्रीनशॉट ठेवा आणि ओळखीच्या नेटवर्क इंजिनिअरला दाखवा. केबलवाल्या पोऱ्याला नको, तो फक्त राउटर बंद करून चालू करायला सांगेल.

एक शिक्षण-अ‍ॅप कंपनी आमच्या आश्रमशाळेतल्या मुलांना मोफत नेट देऊ म्हणते, पण त्यात फक्त त्यांचं अ‍ॅप आणि आणखी चार साइट चालतील. काहीच नसण्यापेक्षा हे बरं नाही का? (शिक्षक, नंदुरबार जिल्हा)

सर, तुमची तळमळ कळते. मुलांकडे काहीच नाही, आणि शहरात बसून तत्त्व सांगणं सोपं आहे. तरीही माझं उत्तर ‘या अटीवर नको’ असं आहे.

हाच प्रस्ताव देशापुढे एकदा येऊन गेला आहे. फेसबुकने फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर इंटरनेट डॉट ऑर्ग आणलं, त्याच वर्षी त्याचं नाव फ्री बेसिक्स केलं. मोजक्या साइट फुकट, बाकीचं इंटरनेट पैसे मोजून. २०१६ च्या नियमाने ते बंद झालं, आणि बरं झालं. एका मोठ्या कंपनीने गरिबासाठी इंटरनेट कापून छोटं केलं होतं आणि काय कापायचं ते तीच ठरवणार होती. विकिपीडियावर शोधता शोधता पोरगं भलत्याच चांगल्या पानावर पोहोचतं, ते पोहोचणं या पाच साइटमध्ये होत नाही.

यातून मार्ग आहे. त्या कंपनीला खरंच मदत करायची असेल तर मुलांच्या नंबरांवर साधं रिचार्ज करावं, वाट्टेल त्या साइटसाठी चालणारं. त्याला कोणाचीच हरकत नाही. ट्रायनेही डिसेंबर २०१६ मध्ये ग्रामीण ग्राहकांना महिन्याला १०० एमबी मोफत डेटा देण्याची शिफारस केली होती, आणि त्यात कुठल्या साइटसाठी याचं बंधन नव्हतं. त्या अ‍ॅप कंपनीला कोणत्या ऑपरेटरमार्फत, कोणत्या दरपत्रकाखाली हे देणार ते लेखी विचारा. मुलं १८ वर्षांखालची आहेत, तेव्हा त्यांची माहिती गोळा करण्यासाठी पालकांची संमती कशी घेणार हेही विचारा. कागद हातात आल्यावर प्रकल्प कार्यालयाचा आणि वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय सही करू नका.

मी वाणिज्य शाखेला शिकवतो. मोबाइल कंपन्यांनी ५जीसाठी प्रचंड पैसा ओतला. परदेशी व्हिडिओ कंपन्या त्याच जाळ्यावर कमावतात. त्यांनी वापरलेल्या रस्त्याचा टोल भरला तर सामान्य ग्राहकाचं काय बिघडतं? (प्राध्यापक, कोल्हापूर)

सर, या प्रश्नाची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते, कारण वरून तो अगदी न्याय्य दिसतो. म्हणून सविस्तर लिहितो.

ज्याला तुम्ही टोल म्हणता तो टोल नाही, ती जकात आहे. टोलनाक्यावर गाडीचा आकार बघतात, ट्रकमध्ये कांदा आहे की कापड हे कोणी विचारत नाही. जकात नाक्यावर ताडपत्री वर करून माल बघायचे आणि मालावरून पैसे ठरायचे. मुलुंडच्या, दहिसरच्या नाक्यावरच्या ट्रकच्या रांगा ज्यांनी पाहिल्या त्यांना वेगळं सांगायला नको. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात संपली. इंटरनेटचा टोल आपण आजही भरतो, त्यालाच रिचार्ज म्हणतात. व्हिडिओ कंपनीही तिच्या टोकाच्या जोडणीचे पैसे भरते. दोन्ही टोकांचे पैसे चुकते झाल्यावर मधे उभं राहून ‘हा माल कोणाचा?’ असं विचारायचा हक्क आता मागितला जातोय. मोबाइल कंपन्यांची संघटना, सेल्युलर ऑपरेटर्स असोसिएशन, त्याला ‘न्याय्य वाटा’ म्हणते. नावाला भुलू नका.

आता रहदारी कोण निर्माण करतं ते पाहू. ‘मोठे रहदारी-निर्माते’ असा शब्द त्यांनी काढला आहे, पण मॅच सुरू झाली की बटण दाबता तुम्ही. मागणी तुमची, आणि त्या मागणीसाठी तुम्ही डेटा विकत घेतलेला आहे. व्हिडिओ कंपन्या फुकट वाहतात असंही नाही. लोकप्रिय व्हिडिओंच्या प्रती ठेवणारे सर्व्हर त्या ऑपरेटरच्या जवळ, कधी त्याच्याच इमारतीत बसवतात, म्हणजे प्रत्येक वेळी समुद्रापलीकडे जावं लागत नाही. समुद्राखालच्या केबलींतही त्यांचा पैसा आहे. गुगलची ब्लू-रामन ही प्रणाली तर मुंबईला जोडण्यासाठीच आखलेली आहे.

तुमच्या विषयाकडे येतो. माझ्या मोबाइलवर माहिती पोहोचवायची तर ती फक्त माझाच ऑपरेटर पोहोचवू शकतो. बाजारात चार कंपन्या असोत की चाळीस, माझ्या दारापुरती त्याची मक्तेदारीच असते. अशा शेवटच्या टप्प्यावर वसुलीचा हक्क दिला की काय होतं ते आपण फोन कॉलच्या बाबतीत भोगलं आहे. दुसऱ्याच्या नेटवर्कवर कॉल संपला की त्याला मिनिटाला पैसे द्यायचे, याला आययूसी म्हणत. आधी १४ पैसे, १ ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे. तो आकडा किती असावा यावर कंपन्या वर्षानुवर्षं भांडल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये जिओने दुसऱ्या नेटवर्कवरच्या कॉलला तेच ६ पैसे ग्राहकाकडून घ्यायला सुरुवात केली. शेवटी १ जानेवारी २०२१ ला हे शुल्क शून्यावर आणलं तेव्हा ते भांडण मिटलं. जे ओझं कॉलवरून उतरवायला आपल्याला इतकी वर्षं लागली, तेच आता डेटावर चढवायचं?

आणि पैसे कोण कोणाला देणार? जिओच्या घरात जिओहॉटस्टार आहे, एअरटेलचं स्वतःचं एक्स्ट्रीम आहे. म्हणजे व्हिडिओ दाखवणाऱ्या एका दुकानाने शेजारच्या दुकानाला भाडं द्यायचं, कारण रस्ता शेजाऱ्याच्या मालकीचा आहे. उद्या एकाला सवलत दिली, दुसऱ्याला नाही, तर ते बाहेरून कोणाला दिसणार आहे?

‘फक्त मोठ्यांकडूनच घेऊ’ असं सांगतात. मोठ्यांना ते परवडतं, आणि ते किंमत सभासदत्वात टाकून तुमच्याकडूनच वसूल करतील. मार खाणार तो वाढू पाहणारा. तासगावात बसून द्राक्ष बागायतदारांना व्हिडिओवरून सल्ला देणारा एखादा तरुण घ्या. आज त्याचे दोनशे प्रेक्षक आहेत. ते दोन लाख झाले की तो ‘मोठा’ होणार आणि नाक्यावर थांबणार. मोठा कोण हे ठरवायची पट्टी एकदा हातात आली की ती खाली सरकवायला वेळ लागत नाही.

दक्षिण कोरियाने हा प्रयोग केला आहे. तिथे २०१६ पासून माहिती पाठवणाऱ्याच्या नेटवर्कने पैसे द्यायची पद्धत आहे. ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या सेवेने २०२२ मध्ये कोरियापुरता चित्राचा दर्जा उतरवला आणि २७ फेब्रुवारी २०२४ ला तिथून गाशा गुंडाळला. जाताना त्यांनी कारण सांगितलं की इतर बहुतेक देशांच्या मानाने इथलं नेटवर्क शुल्क दहापट आहे. युरोपातल्या दूरसंचार नियामकांची संयुक्त संस्था बेरेकनेही ऑक्टोबर २०२२ मध्ये प्राथमिक तपासणीनंतर अशा शुल्काची गरज दाखवणारा पुरावा नाही असंच म्हटलं.

५जीचा खर्च खोटा आहे असं मी म्हणत नाही. २०२२ च्या लहरींच्या (स्पेक्ट्रमच्या) लिलावात दीड लाख कोटींच्या बोली लागल्या, तो पैसा कुठून तरी यायलाच हवा. मग दर उघडपणे वाढवा. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी वाढवलेच. आपण कुरकुरलो, पण ती वाढ कोण काय पाहतो हे न विचारता झाली. लहरींचे भाव अवास्तव वाटत असतील तर सरकारशी भांडा. ताडपत्री वर करायला येऊ नका.

हा विषय मी इतका मनाला का लावून घेतो तेही सांगतो. २७ मार्च २०१५ ला ट्रायने ११८ पानांचा, २० प्रश्नांचा इंग्रजी मसुदा लोकांपुढे ठेवला. मी तेव्हा साताऱ्यात कामावर होतो. रात्री लॉजच्या खोलीत बसून वीसही प्रश्नांची उत्तरं लिहिली, नेट जात होतं म्हणून दोनदा लिहिली. माझ्यासारख्या दहा लाखांहून जास्त लोकांनी ईमेल पाठवले. त्यातून तो २०१६ चा नियम उभा राहिला. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये ट्रायने शिफारशी केल्या, जुलै २०१८ मध्ये सरकारने त्या मान्य केल्या आणि मग ही तत्त्वं कंपन्यांच्या परवान्याच्या अटींत आली. ती कोणी ताटात वाढलेली नाहीत. जुलै २०२३ मध्ये ट्रायने पुन्हा चर्चेचा मसुदा काढला तेव्हा कंपन्यांनी वाट्याची मागणी लगेच पुढे केली, आणि ती परत परत येणार. तुमच्या विद्यार्थ्यांना असा पुढचा मसुदा वर्गात वाचायला द्या, एखादा वकील आणि एखादा नेटवर्कवाला बोलवा, आणि मुदत संपायच्या आत उत्तरं पाठवा. मुदतीच्या आदल्या रात्री माझ्याकडे ‘काय लिहू?’ विचारणारे फोन येतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

आमच्या सोसायटीत बिल्डरने एकाच इंटरनेट कंपनीशी करार केला आहे. दुसरी कंपनी केबल टाकायला आली तर वॉचमन आत सोडत नाही. (वाकड, पुणे)

या तक्रारीची पत्रं वाढत चालली आहेत आणि मला त्यांचा संताप येतो. काटेकोर बोलायचं तर हा नेट न्यूट्रॅलिटीचा प्रश्न नाही, तो त्याच्याही आधीचा आहे. दारच एकाच्या हातात दिलं तर आतल्या समानतेला काय अर्थ?

अशाच एका इमारतीत सहाव्या मजल्यावरच्या डक्टचं दार उघडून पाहिलं होतं. आत करारातल्या कंपनीचा स्प्लिटर नीट स्क्रूने बसवलेला, आणि शेजारी दुसऱ्या कंपनीची पिवळी फायबर कटरने सरळ कापलेली, टोक टेपने गुंडाळून खाली सोडलेलं. एका आजींचं नेट त्या तारेवर होतं. अकरा दिवस बंद. समितीचं म्हणणं, ‘परवानगी नव्हती.’

ट्रायने २० जानेवारी २०१७ च्या शिफारशींतच म्हटलं होतं की इमारतीच्या आत एकाच कंपनीला मक्ता देणारे करार नकोत, सगळ्यांना समान अटींवर प्रवेश हवा. पण शिफारस म्हणजे कायदा नव्हे, आणि तुमच्या करारात नेमकं काय लिहिलंय हे मी पाहिलेलं नाही. आधी समितीकडे कराराची प्रत लेखी मागा. मुदत किती, सोसायटीला किंवा बिल्डरला त्यातून दरमहा काय मिळतं, ते पैसे ताळेबंदात दिसतात का, हे बघा. हस्तांतरण अजून झालं नसेल तर बिल्डरने केलेला करार सोसायटीला किती बांधतो हा वकिलाचा प्रश्न आहे, सहकार कायदा जाणणाऱ्या वकिलालाच विचारा. सर्वसाधारण सभेत विषय घ्या. आणि कोणाचीही केबल कापू नका, कापू देऊ नका.

मुलगा न्यू जर्सीत असतो. तो म्हणतो अमेरिकेत नेट न्यूट्रॅलिटी रद्द झाली. आता आपल्याकडेही होणार का? (ज्येष्ठ नागरिक, पुणे)

अमेरिकेत झालं म्हणून इथे आपोआप होत नाही. तिथे फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २०१५ मध्ये नियम केले, सरकार बदलल्यावर डिसेंबर २०१७ मध्ये रद्द केले, एप्रिल २०२४ मध्ये परत आणले, आणि २ जानेवारी २०२५ ला अपील न्यायालयाने ते उडवले. न्यायालयाचं म्हणणं असं की संसदेच्या कायद्याने कमिशनला हा अधिकार दिलेलाच नाही. म्हणजे दहा वर्षं सगळा खेळ पाच जणांच्या कमिशनमधल्या बहुमतावर चालला. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांचे स्वतःचे कायदे आहेत, न्यू जर्सीत तुमच्या मुलाला काय लागू होतं ते त्याने तिथल्या जाणकाराला विचारावं. आपल्याकडे आधार आहे तो ट्रायच्या नियमाचा आणि परवान्याच्या अटींचा. तो आज भक्कम आहे, पण संसदेच्या कायद्याइतका अढळ नाही. म्हणून अटींत बदल होतात तेव्हा लक्ष ठेवावं लागतं.

५जीच्या ‘स्लाइसिंग’मुळे पैसेवाल्यांसाठी वेगळी लेन होईल का? (इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, सांगली)

होऊ शकते, आणि तू योग्य जागी बोट ठेवलंस. स्लाइसिंग म्हणजे एकाच जाळ्याचे वेगवेगळ्या दर्जाचे वाटे पाडणं. जुलै २०२० मध्ये एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाच्या महाग पॅकवाल्यांना वेगाचं प्राधान्य देऊ करणाऱ्या योजना ट्रायने रोखायला सांगितल्या, प्रकरण टीडीसॅट या दूरसंचार लवादापर्यंत गेलं. २०१८ च्या अटींत ‘विशेष सेवां’ना सूट आहे, दूरवरून शस्त्रक्रियेसारख्या गोष्टींसाठी. त्या सुटीच्या आडून साधं इंटरनेट विकलं जातंय का, हे पाहायला तुझ्यासारखे इंजिनिअर लागतील. नियम मुळातून वाच आणि प्राध्यापकांशी चर्चा कर. यूट्यूबवरच्या दहा मिनिटांवर विसंबू नकोस.

आठ महिने झाले, ट्रायला तीन ईमेल केले, काही उत्तर नाही. आता काय करू? (किराणा दुकानदार, लातूर)

आठ महिने फुकट घालवलेत, दादा. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिचं काम नियम करायचं आहे. तक्रार आधी कंपनीच्या कस्टमर केअरकडे करायची आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्यायचा. ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचं. त्याला काही शुल्क नाही. तिथेही दाद लागली नाही तर दूरसंचार विभागाच्या तक्रार पोर्टलवर, किंवा ग्राहक आयोगात. दूरसंचार कंपन्यांविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर ते चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये जाता येतं असा निकाल दिला आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क नाही, पण तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे आणि तुमचे त्यातले आठ महिने गेले.

उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा, जवळच्या ग्राहक पंचायतीचा सल्ला घ्या, आणि बिलं, स्क्रीनशॉट, ईमेल एका फाइलीत लावा. सगळ्यात वर डॉकेट नंबर लिहा. तो मिळाला की मगच मला पुन्हा लिहा.